एकाचं झालं की मग दुसऱ्याचं: प्रोग्राममधली रांग

आपल्या नेपरव्हिलमध्ये आय-८८ च्या कडेला बेल लॅब्जचा मोठा कॅम्पस होता. पुढे तो ल्यूसेंटकडे आणि मग नोकियाकडे गेला, पण त्याचं जुनं नाव इंडियन हिल. लांब पल्ल्याचे फोन जोडणारं फोर ईएसएस हे एक्स्चेंज इथल्या इंजिनियरांनी घडवलं. पहिलं जानेवारी १९७६ मध्ये शिकागोत सुरू झालं. आजचा विषय प्रोग्रामिंगचा आहे, पण सुरुवात या एक्स्चेंजच्या एका वाईट दिवसापासून करू.

१५ जानेवारी १९९०, सोमवार. न्यूयॉर्कमधल्या एका एक्स्चेंजमध्ये किरकोळ बिघाड झाला. ठरल्याप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना कळवलं, ‘मी थोडा वेळ बंद आहे’, स्वतःला सावरलं आणि काही सेकंदांत पुन्हा फोन पाठवायला लागलं. त्याच्याकडून पहिला निरोप आला, की ‘हा परत आला’ अशी नोंद शेजारी करायला घेत. ही नोंद पुरी व्हायच्या आत, सेकंदाच्या शंभराव्या भागात, दुसरा निरोप आला तर माहितीवर माहिती लिहिली जाई. कारण होतं सी भाषेतल्या कोडमध्ये चुकीच्या जागी पडलेलं एक ‘ब्रेक’. मग तो शेजारीही बंद पडून सावरायला लागे, आणि तो परत आला की हाच प्रकार त्याच्या शेजाऱ्यांना भोवे. एटी अँड टीची ११४ एक्स्चेंजेस होती आणि सगळ्यांत तेच नवं सॉफ्टवेअर. सुमारे नऊ तास लांब पल्ल्याचे निम्मे फोन लागेनात.

पहिलं काम पुरं व्हायच्या आत दुसरं आत शिरलं, तर काय होतं ते यातून दिसतं. आज हायस्कूलमधली आपली मुलं जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅप बनवतात, तेव्हा हाच धोका लहान रूपात त्यांच्यासमोर असतो.

जावास्क्रिप्ट एका वेळी एकच ओळ चालवते. पण सर्व्हरकडून माहिती मागवली, की उत्तराची वाट बघत ती थांबत नाही, पुढच्या कामाला लागते. अशा कामाला असिंक फंक्शन म्हणतात. ते ताबडतोब एक ‘प्रॉमिस’ हातात ठेवतं, म्हणजे ‘उत्तर नंतर देतो’ असा शब्द देतं.

आता समजा, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचं अ‍ॅप आहे. खात्यात १०० डॉलर आहेत. एकाने २० भरले, त्याच क्षणी दुसऱ्याने ३०. दोन्ही कामांनी शिल्लक वाचली: १००. पहिल्याने १२० लिहिले, दुसऱ्याने १३०. व्हायला हवे होते १५०. वीस डॉलर गेले, आणि कुठेही एररचा लाल मेसेज आला नाही. खजिनदाराला ते हिशेबाच्या दिवशी कळणार.

यावर उपाय म्हणजे रांग. रांगेच्या शेवटी कोण उभं आहे, एवढंच प्रोग्रामने लक्षात ठेवायचं. नवीन काम आलं की ते त्या शेवटच्याच्या प्रॉमिसला बांधायचं: ‘तुझं झालं की माझं’. मग नवीन काम हेच रांगेचं शेवटचं टोक. कामांची यादी आधीच हातात असेल, तर साधा फॉर-ऑफ लूप आणि त्यात ‘अवेट’ पुरतं. इथे नवशिके हमखास ‘फॉर-ईच’ वापरतात. तो अवेटकडे बघतच नाही, सगळी कामं एकदम सोडून देतो. कोड दिसतो रांगेसारखा, चालतो झुंबडीसारखा.

रांग लावली की तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, एखादं काम फसलं तर? साध्या साखळीत एक कडी तुटली की मागची सगळी कामं न होताच फसतात. वर्गणीत एकाचं कार्ड नाकारलं गेलं म्हणून बाकीच्यांना का अडवायचं? चूक नोंदवा आणि पुढच्याला आत घ्या. पण पुढचं काम आधीच्यावर अवलंबून असेल, तर थांबणंच बरोबर.

दुसरी, एखादं काम संपलंच नाही तर? त्याला मुदत द्या. मात्र मुदत संपली म्हणजे काम थांबलं असं नाही. सर्व्हरवर ते अजून चालू असू शकतं. त्या भरवशावर पुढच्याला आत सोडलंत, तर पुन्हा तेच १२० आणि १३०. आधी काम खरंच रद्द झालं का, ते तपासायला हवं.

तिसरी, रांग हवीच आहे का? दहा फोटो उतरवायचे, प्रत्येकाला दोन सेकंद. रांगेने वीस सेकंद लागतील. फोटोंचा एकमेकांशी संबंध नाही. ते ‘प्रॉमिस डॉट ऑल’ने एकदम मागवा, साधारण दोन-तीन सेकंदांत काम होईल. तसंच दोन वेगळ्या खात्यांना एकाच रांगेत उभं करायचं कारण नाही. प्रत्येक खात्याची आपली रांग असावी.

आणि एक मर्यादा. ही रांग एका चालू प्रोग्रामच्या मेमरीत असते. तेच अ‍ॅप दोन सर्व्हरवर चालत असेल, तर एकाची रांग दुसऱ्याला दिसत नाही. तिथे जबाबदारी डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनवर टाकावी लागते.

घरी कोणी अ‍ॅप बनवत असेल, तर जेवताना एवढंच विचारा: ‘दोघांनी एकदम बटण दाबलं तर काय होईल?’ तुम्हाला कोड येत नसला तरी चालेल. आणि ‘असं कधी होत नाही’ हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका. दोन फोन घ्या, एकाच वेळी बटण दाबा आणि मग शिल्लक बघा.

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.