विभक्त आई-वडील आणि मुलाची माहिती
(नौबाद येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या या सीमाभागात माहेर नौबादला आणि सासर उदगीरला किंवा जहीराबादला असणे नवलाचे नाही. पतिपत्नींचे पटेनासे झाले की आई लेकराला घेऊन इकडे येते, त्याचे नाव येथील अंगणवाडीत वा शाळेत घातले जाते. काही महिन्यांनी वडील दारात उभे राहून विचारतात, "माझ्या मुलाचे वजन किती भरले? अभ्यासात कसा आहे?" सेविकेने किंवा गुरुजींनी काय उत्तर द्यावे, एवढाच आजचा विषय आहे. तो लहान दिसतो. परंतु चुकीच्या उत्तराने एक तर बाप लेकराला दुरावतो, नाही तर जीव मुठीत धरून आलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा उघड होतो.

पतिपत्नी वेगळी राहू लागली म्हणून कोणाचेही आईपण वा बापपण संपत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असा पालकत्वाचा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यावयाचे ठरविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९९ साली न्यायालयाने 'नंतर' म्हणजे मृत्यूनंतर नव्हे, तर वडिलांच्या अनुपस्थितीत, असा अर्थ लावला. तेव्हा लेकराचा सांभाळ एकटीने करणाऱ्या आईला वडिलांच्या सहीसाठी परत पाठविणे योग्य नव्हे. दुसऱ्या बाजूने, मूल ज्याच्याजवळ राहत नाही त्या पालकास केवळ त्या कारणावरून शाळेची व दवाखान्याची कागदपत्रे नाकारू नयेत, अशी शिफारस विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात केली. तिचा कायदा झालेला नाही; तरीही ती मला न्याय्य वाटते.

मात्र मुलाची माहिती निराळी आणि त्याच्या आईची माहिती निराळी. वजन, लसीकरण, हजेरी, गुण हे मुलाचे झाले. आई कोठे राहते, तिचा दूरध्वनी क्रमांक कोणता, लेकराला न्यावयास कोण व किती वाजता येते, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानेही अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती मागितली आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. दूरध्वनीवरून विचारणाऱ्याची ओळख पटत नाही, म्हणून तेथे काहीच सांगू नये. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर हौसेने छायाचित्रे टाकणाऱ्या गुरुजनांनीही थोडा विचार करावा; गावाच्या पाटीसह काढलेले एक छायाचित्र पत्ता सांगण्यास पुरेसे असते.

"त्यांना काही सांगू नका," असे आई बजावते. तिचा शब्द म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, पण तो कानाआड करण्याजोगाही नव्हे. कारण विचारावे, ते लिहून घ्यावे आणि मुख्याध्यापकांना किंवा पर्यवेक्षिकेला कळवावे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट अपायकारक वाटल्यास तीही नाकारू शकतात. असा आदेश असेल तर त्याची प्रत दप्तरी ठेवून त्याप्रमाणेच वागावे. आणि माहिती सांगणे म्हणजे मूल हवाली करणे नव्हे, हे तर कधीच विसरू नये.

वाद मिटत नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली, मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. हा अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे. लेकरू नौबादला राहत असेल तर उदगीरच्या वडिलांनी बिदरला यावयाचे. स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो.