मालेरावाची गादी आणि आईची सही

पालीहून बोलतेय. चुलीवरचं दूध उतरवा आणि पाच मिनिटं बसा.

आज गोष्ट एका राजाची, ज्याला वर्षभरसुद्धा राज्य लाभलं नाही. त्याचं नाव मालेराव होळकर. अहिल्याबाईंचा एकुलता मुलगा. अहिल्याबाई आपल्या शेजारच्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला, म्हणजे आपल्या घरच्याच म्हणा.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. सती जायला निघालेल्या सुनेला सासरे मल्हाररावांनी अडवलं आणि पुढे कारभारात घेतलं. मोहिमेवरून पत्र लिहून ते तोफांची, दाणागोट्याची कामं सुनेवर टाकायचे. बाई हिशोब शिकली, माणसं ओळखायला शिकली. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला आलं ते हेच.

१७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव गेले. नातू मालेराव सुभेदार झाला, विशीतला पोरगा. पण १७६७ च्या वसंतात तोही आजारपणात गेला. नवरा गेला, सासरा गेला, आता पोटचा पोर गेला.

आणि दुःख ताजं असतानाच माणसं कामाला लागली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड म्हणाले, एखादं लहान मूल दत्तक घ्या. मूल लहान म्हणजे कारभार कुणाच्या हातात राहणार, हे तुम्हाला सांगायला नको. बाई नाही म्हणाल्या, तसं त्यांनी पेशव्यांचे चुलते राघोबादादांना बोलावलं. दादा फौज घेऊन उज्जैनपर्यंत आले.

बाईंनी काय केलं? रडत बसल्या नाहीत, भांडतही सुटल्या नाहीत. शिंदे, गायकवाड, भोसले अशा सरदारांना पत्रं धाडली. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपला हक्क मांडला. फौजेला तुकोजी होळकर उभे केले. दादांना त्यांनी निरोप दिला म्हणतात, की बाईशी लढून जिंकलात तर कौतुक नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. दादा म्हणाले, आम्ही तर सांत्वनाला आलो! पुण्याहून कौल बाईंच्या बाजूनं आला. मग १७९५ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी राज्य राखलं.

भाऊबंदकी काही आपलीच नाही. लांब कोरिया देशात १४५२ साली दानजोंग नावाचा पोरगा गादीवर आला. तीन वर्षांत सख्ख्या चुलत्यानं त्याला खाली उतरवलं. त्याची आई तो जन्मला तेव्हाच वारली होती. पाठीशी उभं राहणारं जवळचं कुणी उरलं नाही.

आता आपल्या घरात या. माणूस जातो, तेराव्याला चार जण म्हणतात, "वहिनी, तुम्ही कशाला तलाठ्याकडं हेलपाटे घालता? इथं फक्त अंगठा द्या." तो कागद बहुतेक वेळा हक्कसोडपत्राचा असतो. वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. आज नको, दिवस जाऊ द्या, असं सरळ म्हणा.

१९५६ च्या वारसा कायद्यानं नवऱ्याच्या वाट्यात बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई यांचा सारखा हक्क आहे. २००५ पासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलासारखा जन्मापासून आहे. मृत्यूचा दाखला घ्या, सगळ्या वारसांची नावं लिहा आणि तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्या. पोच मागून घ्या. पुढं फेरफार मंजूर झाला का बघा आणि सातबाऱ्यावर आपलं नाव डोळ्यांनी पाहा.

एकटीला भ्या वाटलं तर गटातल्या दोघीजणी सोबत न्या. अहिल्याबाईंनीही एकटीनं केलं नव्हतं, चार ठिकाणी पत्रं धाडली होती.

या बैठकीत बचतीची वही मिटण्याआधी एकच प्रश्न विचारा: कुणाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे? हात वर करा. ज्यांचा हात खाली राहील, त्यांच्यापासून सुरुवात करू.

येते बायांनो. राम राम.