माध्यमिक शाळेचा उंबरठा आणि मुलांची स्वप्रतिमा



शिक्षणाकडे अर्थशास्त्र मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणून पाहते. मात्र मूल स्वतःच्या क्षमतेविषयी काय मानते, हा घटक या हिशेबातून बहुधा सुटतो. आठवीतून नववीत जाताना तोच अनेकदा निर्णायक ठरतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये सहा ते चौदा वयोगटाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. त्यापुढे हे छत्र संपते आणि खेड्यांतील असंख्य मुलांना दूरच्या, मोठ्या शाळेत जावे लागते. 'यूडायस प्लस'च्या २०२१-२२ च्या अहवालानुसार गळती उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के, तर माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होती. अंतर, खर्च व घरकाम ही त्याची परिचित कारणे होत. खालावणारी स्वप्रतिमा हे कमी दिसणारे कारण.

स्वप्रतिमा तुलनेतून घडते. समान क्षमतेचा विद्यार्थी अधिक हुशार मुलांच्या शाळेत स्वतःला कमी लेखतो, असे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवले. गावात पहिला येणारा मुलगा नव्या वर्गात पंधरावा येतो, तेव्हा त्याचे ज्ञान घटलेले नसते. मोजपट्टी बदललेली असते. परंतु 'गणित आपल्याला जमणार नाही' असे एकदा मनाने घेतले की प्रयत्न मंदावतात, गुण घसरतात आणि समज खरा ठरतो.

आपल्याकडे या तुलनेत जातही मिसळते. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवण्यास दिली. जात उघड नसताना दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. ती सर्वांसमक्ष जाहीर होताच कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी खालावली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच वर्षी बिहारने नववीतील मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार तिच्यामुळे माध्यमिक वर्गांतील मुलींच्या वयानुरूप पटनोंदणीत ३२ टक्के वाढ झाली. सायकलीने शाळेचे दार गाठता येते. वर्गात टिकण्यासाठी आत्मविश्वास लागतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० नववी ते बारावी हा सलग टप्पा मानते आणि २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवते. त्यासाठी नववीच्या प्रारंभी पूरक अध्यापन हवे, गुणानुक्रमाचे जाहीर वाचन थांबावे आणि शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात जातीनिहाय पुकारू नयेत. या उपायांना निधी थोडा लागतो, दृष्टी मात्र बदलावी लागते. उद्या प्रशासनात जाल तेव्हा पटसंख्येच्या आकड्यामागील मुलाला स्वतःविषयी काय वाटते, हेही अवश्य विचारा.