तुमचं काय तिथं?

(जांब समर्थ येथील कौटुंबिक प्रार्थनासभेत दिलेला संदेश)



जांब समर्थ हे रामदासस्वामींचं जन्मगाव. अशा गावात आपण साक्ष द्यायची कशी, असं मंडळीतले तरुण विचारतात. मी म्हणतो, आधी शेजार सांभाळा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. गाव सुन्न झालं. आमच्या शेजारच्या आजींनी अन्न सोडलं. मी आणि माझी पत्नी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. उपदेश केला नाही. चहा नेला होता, तेवढा त्यांनी घेतला. आपल्यातल्याच एका भावानं मला विचारलं, "तुमचं काय तिथं?" रडणाऱ्यांबरोबर रडा, असं पौल रोमच्या मंडळीला लिहितो. त्याला अपवाद जोडलेला मला तरी सापडला नाही. पुढे मूर्ती मिळाल्या, तेव्हा आजींनी पेढे आणले. आम्ही खाल्ले. यावरही कुणाला प्रश्न पडेल; पडू द्या.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू होते. तोडीच्या टोळ्यांत आदिवासी कुटुंबंही असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', माणसांची मोजणी अशी. मुकादमाची उचल फिटेपर्यंत आजारी पडायची सोय नाही. गेल्या हंगामात एका खोपीत बाळंतीण तापानं फणफणत होती. नवरा म्हणाला, "सर, धर्म बदलायला आलात का?" म्हटलं, "नाही दादा, गाडी आणलीय, दवाखान्यात नेतो." त्याचा विश्वास बसेना. मग आमच्या त्याच आजी गाडीत येऊन बसल्या, तेव्हा ती बाई चढली.

त्या दादाच्या प्रश्नाचा राग धरू नका. मदतीमागे काही हिशेब असेल तर गरिबाला तो लगेच कळतो. आपल्या जिल्ह्याला याचा धडा नवा नाही. नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांचा विटाळ मानला जाई, त्या महार-मांग कुटुंबांसाठी त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं.

यंदा तळावर जाताना लेकरांचे स्वेटर आणा, जुने चालतील, पण धुतलेले. औषधं आणू नका, ती डॉक्टरच देतील. काहीच नसेल तरी या. आईबाप फडात असतात, तान्ह्या लेकरांजवळ बसायला माणूस लागतो.