आपल्या पायाखाली तेल आहे का?

मंडळी, सोसायटीची बोअर मारताना काळा दगड लागला की कोणीतरी विचारतंच, "काका, अजून खोल गेलो तर तेल लागेल का?" हसू नका, प्रश्न बरोबर आहे. 1960 साली शेजारच्या गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागलं. मग नंदुरबारला का नाही?

अडचण या दगडाचीच. हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेल तयार होतं गाळाच्या खडकात. अंकलेश्वरला तो गाळ लाव्ह्याच्या वर साचलाय. आपल्याकडे शोधायचा तो लाव्ह्याच्या खाली.

एरवी जमिनीत छोटा स्फोट करतात आणि खालून येणारे पडसाद जिओफोननं टिपतात. इथे थरावर थर, लहरी त्यातच विखुरतात. शिवाय शेतांतून भिंतीसारख्या पूर्व-पश्चिम गेलेल्या आपल्या काळ्या टेकड्या, म्हणजे भेगांत थिजलेला लाव्हाच! म्हणून गुरुत्वाची, जमिनीतल्या विजेची मोजणीही जोडीला लागते. तशा मोजण्यांतून नर्मदा-तापी पट्ट्यात लाव्ह्याखाली गाळ असल्याची चिन्हं मिळालीत. पण गाळ म्हणजे तेल नव्हे. तेल साठायला वर झाकण हवं, आणि लाव्ह्याच्या धगीतून ते वाचायलाही हवं.

तेव्हा आपली बोअर पाण्यासाठीच राहू द्या. तेलाची विहीर किलोमीटरांत मोजतात, आणि तिचा खर्च मेंटेनन्समध्ये बसणार नाही.