रणातले पाणी



कच्छला जाऊन आलेला माणूस बहुधा पांढऱ्या रणाचे वर्णन करतो. पौर्णिमेचे चांदणे, मैलोगणती मिठाची चादर, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांच्या रांगा. ते सारे खरे आहे. माझेही डोळे तिथे निवले. पण कामगारांच्या चाळींत आणि कारखान्यांच्या दारांत ज्याची हयात गेली, त्याला एक खोड जडलेली असते. कोणतीही जागा पाहताना तो आधी विचारतो, की इथे राबतो कोण, आणि तो पाणी कुठले पितो?

आपल्याकडे रण म्हणजे लढाई. तिकडचे रण निराळे. संस्कृतात ‘इरिण’ म्हणजे खारवट, पडीक जमीन; त्या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. हे वाळूचे वाळवंट नव्हे. एके काळी इथे समुद्राचा फाटा होता. तो गाळाने भरत गेला. आजही पावसाळ्यात रण पाण्याखाली जाते, आणि पाणी आटले की मीठ वर राहते.

पावसाळा सरला की छोट्या रणात मीठ पिकवणारी कुटुंबे बिऱ्हाडासकट उतरतात. त्यांना अगरिया म्हणतात. आपल्या उरण-पेणकडचे आगर आणि आगरी आठवा. शब्द एकच, धंदाही एकच. फरक इतकाच, की आपला आगरी भरतीचे पाणी बांधात घेतो आणि हे लोक जमिनीच्या पोटातले खारे पाणी विहिरीतून उपसतात. पूर्वी त्यासाठी डिझेलची इंजिने धडधडत. निम्मी कमाई तेलातच जायची, असे एक म्हातारा मला म्हणाला. आता बऱ्याच ठिकाणी सूर्यशक्तीचे पंप आले आहेत, ही चांगली गोष्ट झाली. पण पायाखालचे पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याचे पाणी टँकरने येते, आणि टँकर चुकला की घरातली बाई पिंपात वाकून तळ मोजते.

हे डोळ्यांत साठवून मी खदीर बेटावर, धोळावीऱ्याला गेलो. गावकरी त्या टेकाडाला कोटडा म्हणत. पुरातत्त्व खात्याने ते १९६०च्या दशकात हेरले. १९९०च्या सुमारास रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झाले आणि २०२१ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. साडेचार हजार वर्षांपूर्वी इथे भरभराटीचे शहर होते. बारमाही नदी तेव्हाही नव्हती. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन पावसाळी ओढे. त्यांवर बांध घालून या लोकांनी पाणी वळवले आणि तटाच्या आत तलावांची माळच रचली. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे. मी त्याच्या काठावर बसून मनाशी हिशेब करू लागलो, की एवढी माती किती टोपल्या झाली असेल, आणि दगड फोडणाऱ्यांच्या किती पाळ्या लागल्या असतील? बांधलेल्या गटारांतून बालेकिल्ल्यावर पडलेला पाऊसही वाया जाऊ दिलेला नाही.

सिंधू संस्कृतीत राजवाडे सापडत नाहीत, म्हणून तिथे समता नांदत होती, असे काही पंडित सुचवतात. मला मान डोलवता येत नाही. बालेकिल्ला, मधले शहर आणि खालचे शहर अशा वस्त्या तिथे वेगळ्या पाडलेल्या आहेत, आणि सर्वांत जाड भिंत बालेकिल्ल्याची आहे. भिंत कोणासाठी बांधतात हे मालकाच्या बंगल्यावर शिष्टमंडळ घेऊन गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तलाव नुसत्या बालेकिल्ल्यापुरते नाहीत, ते शहराला वळसा घालून आहेत. खालच्या वस्तीला किती पाणी मिळे ते दगड सांगत नाहीत.

उत्तर दरवाजाजवळ एक पाटी सापडली. जिप्समच्या तुकड्यांची दहा चिन्हे, प्रत्येक सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, लाकडी फळीत जडवलेली. फळी कुजली, अक्षरे राहिली. ती अजून कोणाला वाचता आलेली नाहीत. आमच्यातला एक खटपट्या म्हणाला, “कामाच्या वेळा असतील!” हसलो सगळे, पण दरवाजावर एवढ्या मोठ्या अक्षरांत आणखी काय लावतात?

पश्चिमेच्या टोकाला, कोरी खाडीवर, लखपत आहे. १८०१ साली जमादार फतेह महंमदाने बांधलेला त्याचा तट अजून ताठ उभा आहे. १८१९च्या भूकंपात उत्तरेला जमिनीचा लांबच लांब उंचवटा वर आला. लोक त्याला अल्लाबंद म्हणतात. सिंधूचे पाणी इकडे येईनासे झाले, भातशेती गेली, व्यापार गेला, आणि शहर रिकामे होत गेले.

जायचे तर थंडीत जा. वाटेत छोट्या रणात उतरून एखाद्या अगरियाच्या झोपडीत अवश्य बसा. पाण्याचा पेला तुमच्यापुढे आधी येईल. टँकर कधी आला होता, तेवढे विचारून मगच तो तोंडाला लावा.