शहराची मोरी आणि शहराची तिजोरी

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मराठी घरांत लहानपणींच कानांवर पडते. संसारी माणसानें ती पाळावी यांत शंका नाहीं. परंतु शहराचा संसार चालविणाऱ्यांना ती जशीच्या तशी लागू पडते काय? घरांतील मोरी तुंबली तर तिचा त्रास त्या घरापुरता; शहराची मोरी तुंबली म्हणजे रोग दारोदार हिंडूं लागतो. पैसा नाहीं म्हणून ती मोकळी करण्याचें काम पुढल्या वर्षावर टाकावें, तर त्या दिरंगाईची किंमत माणसांच्या प्राणांनीं द्यावी लागते. उलट, कर्ज काढून काम उरकावें, तर तें कर्ज कोणी काढलें, कोणाला विचारून काढलें आणि तें फेडणार कोण, हे प्रश्न उभे राहतात. या दोन बाजूंचा झगडा मुंबई शहरानें १८६५ पासून १८७२ पर्यंतच्या सात वर्षांत पुरेपूर अनुभवला. आणि त्यांतूनच तेथील महानगरपालिकेच्या कारभाराची घडण झाली.

त्या काळची मुंबई मराठी वाचकांना गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या 'मुंबईचें वर्णन' या ग्रंथामुळें परिचयाची आहे. शहर तेव्हां वैभवाच्या शिखराकडे चाललें होतें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि इकडील कापसाला सोन्याचें मोल आलें. देशावरून, कोंकणांतून, गुजराथेंतून माणसांची रीघ लागली. १८६४ सालच्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६० सालींच विहार तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें होतें. पाणी आंत आलें खरें. परंतु तें वापरून झाल्यावर बाहेर कोणत्या वाटेनें जावें, याची पुरेशी तजवीज झालेली नव्हती. शिवाय त्या तलावाच्या बांधकामाचें सरकारी देणें शहराच्या डोक्यावर होतें तें निराळेंच.

ही वाट काढणें सोपें कां नव्हतें, हें समजण्यास मुंबईच्या जमिनीकडे पाहिलें पाहिजे. मुंबई हें मूळचें सात बेटांचें ठिकाण. मधल्या खाड्या बुजवून जी जमीन निघाली ती खोलगट, आणि तिचा बराचसा भाग भरतीच्या पातळीहून खालीं. या सखल भागाला इंग्रज लोक 'फ्लॅट्स' म्हणत. शहराचा मुख्य नाला याच भागांतून वरळीकडे जात असे. मूळचा तो उघडाच. पुढें टप्प्याटप्प्यानें तो झांकण्यांत आला. त्याच्या मुखाशीं दरवाजे असत. भरती आली कीं समुद्र आंत शिरूं नये म्हणून ते बंद करावयाचे, आणि ओहोटी लागली कीं उघडावयाचे. म्हणजे दिवसाचे कित्येक तास सांडपाणी नाल्यांतच कोंडून राही. उतार बेताचा, त्यामुळें गाळ तळाशीं बसे; आणि पावसाळ्यांत मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळीं आली म्हणजे बाहेर घालविलेली घाण पुन्हां वस्तीकडे परतूं पाहे. नुसत्या उतारावर भरंवसा ठेवून हें पाणी बाहेर काढणें अशक्य होतें. त्याला यंत्रांनीं वर उचलणें भाग होतें, आणि यंत्र म्हटलें म्हणजे पैसा आला.

घराघरांतील मैला तर माणसांच्या डोक्यावरूनच जात असे. दोन चाळींच्या पाठींमधील अरुंद गल्ल्यांतून हलालखोर शिरत, टोपल्या भरीत आणि गाड्यांपर्यंत वाहून नेत. सगळ्या शहराचें आरोग्य ज्यांच्या मानेवर उभें होतें, त्यांचें स्वतःचें आरोग्य मात्र कोणाच्याच हिशेबांत नव्हतें. हातानें मैला उचलण्याच्या या पद्धतीला भारतांत कायद्यानें बंदी झाली ती १९९३ सालीं, आणि ती अधिक कडक करण्यासाठीं २०१३ सालीं पुन्हां कायदा करावा लागला, ही गोष्ट येथेंच नमूद केलेली बरी.

रस्त्यांची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. भर वस्तींत गुरांचे गोठे व घोड्यांचे तबेले. कोठें चरबी वितळविण्याच्या भट्ट्या, कोठें आंतड्यांची तात वळणाऱ्यांचीं ठाणीं, तर कोठें निळीच्या रंगाऱ्यांचे हौद. प्रत्येकाचें पोट त्या धंद्यावर होतें, आणि प्रत्येकाचें सांडपाणी शेजाऱ्याच्या दारावरून वाहत होतें.

१८५८ पासून शहराचा कारभार तीन कमिशनरांच्या हातीं होता. तिघांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे, असा अनुभव आल्यावर १८६५ सालीं नवा कायदा झाला. त्यानें 'जस्टिस ऑफ दि पीस' या नांवाच्या सरकारनियुक्त गृहस्थांच्या मोठ्या सभेला म्युनिसिपालिटीचें रूप दिलें; अंमलबजावणीची सर्व सत्ता मात्र एकट्या कमिशनराकडे सोंपविली. या जागेवर आलेले पहिले गृहस्थ आर्थर क्रॉफर्ड, आणि त्यांच्या जोडीला आरोग्याधिकारी म्हणून डॉ. ह्यूलेट.

क्रॉफर्ड हे धडाडीचे पुरुष होते, हें त्यांच्या विरोधकांनींहि नाकारलें नाहीं. त्यांनीं उपद्रवी धंदे वस्तीबाहेर घालविले. कत्तलखाना वांद्र्यास हलविला. रस्ते रुंद केले. फ्लॅट्सचा खोलगट भाग भरून काढण्याचें काम चालविलें. नाले उपसण्याची व कचरा उचलण्याची शिस्त घातली. विल्यम इमर्सन यांच्या आराखड्याप्रमाणें बांधलेली मोठी मंडई १८६९ सालीं पुरी झाली. लोक अजूनहि तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. तिचें पुढील नांव महात्मा जोतिबा फुले मंडई असें आहे. दिनशा वाच्छा यांनीं त्या काळची मुंबई स्वतः पाहिली होती. त्यांनीं १९१३ सालीं मुंबईच्या म्युनिसिपल कारभाराच्या वाढीचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यांतहि क्रॉफर्ड यांच्या कर्तबगारीचा गौरवच केला आहे.

यांत एक मौजेची गोष्ट आहे. त्या वेळच्या बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी होती कीं, पटकी दुर्गंधीच्या हवेंतून पसरते. पटकीचा जंतु कॉख यांनीं उघड केला तो १८८३-८४ सालीं. म्हणजे क्रॉफर्ड व ह्यूलेट हे खऱ्या शत्रूला ओळखत नव्हते. परंतु घाण वस्तीपासून दूर नेली कीं ती पिण्याच्या पाण्यांत मिसळण्याचा संभवहि कमी होतो. कारण चुकलें तरी उपाय बराचसा बरोबर होता. ज्ञान पुरतें हातीं येईपर्यंत शहरानें स्वस्थ बसून राहणें किती घातक ठरलें असतें, हें यावरून दिसतें.

आतां तिजोरीकडे वळावें. १८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि शेअरांच्या सट्ट्यावर उभारलेली मुंबईची श्रीमंती पत्त्यांच्या बंगल्यासारखी खालीं आली. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. क्रॉफर्ड यांची कारकीर्द सुरू झाली ती नेमकी याच सालीं. शहराच्या उत्पन्नाचा एक मुख्य आधार घरपट्टी, आणि घरपट्टी तेव्हां बसे घरभाड्यावर. माणसें आपापल्या गांवीं परतलीं, खोल्या रिकाम्या पडल्या, भाडीं उतरलीं. १८७२ च्या खानेसुमारींत वस्ती ६,४४,४०५ इतकीच भरली. दोन्ही गणतींच्या पद्धतींत फरक असेल असें धरलें, तरी ही घट लहान नव्हे. उत्पन्नाचा पाया असा खचत असतां खर्चाची इमारत मात्र वर चढत होती.

क्रॉफर्ड यांच्या कारभाराचें मर्म येथेंच आहे. काम निकडीचें दिसलें कीं ते मंजुरीची वाट न पाहतां खर्च करून मोकळे होत, आणि मागाहून जस्टिसांच्या सभेपुढें आंकडे ठेवीत. ही सभा शेंकडों सभासदांची. ते सरकारनें नेमलेले. त्यांना कोणी निवडून दिलेलें नव्हतें, आणि म्हणून कोणाला जबाब देण्याची धास्तीहि त्यांना नव्हती. कांहीं जस्टिस दक्ष होते. पण एवढ्या मोठ्या सभेनें जमाखर्चाची ओळ न् ओळ तपासावी कशी? एका बाजूला सर्वाधिकारी कमिशनर, दुसऱ्या बाजूला जबाबदारी नसलेली सभा, आणि दोघांच्या मध्यें मुकाट्यानें कर भरणारा घरमालक व त्याला भाडें देणारा भाडेकरी.

हा करदाता १८७१ सालीं बोलूं लागला. नवरोजी फरदुनजी यांच्यासारख्या वयोवृद्ध पुढाऱ्यांनीं त्याची बाजू हातीं घेतली. जस्टिसांच्या सभेंत जेम्स फोर्ब्स यांनीं ठराव आणला कीं, कमिशनराची एकहाती सत्ता काढून घ्यावी. करदात्यांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें. ज्याचा धंदा बुडाला, ज्याच्या खोल्या ओस पडल्या, त्याच्याच दारीं वाढत्या कराची मागणी येऊन उभी राहावी, आणि ती कशासाठीं हें विचारण्यास त्याला जागा नसावी, हा न्याय नव्हे. पाहतां पाहतां शहराचें मत एकवटलें : क्रॉफर्ड हेच सर्व अनर्थाचें मूळ.

अशा वेळीं, २९ नोव्हेंबर १८७१ रोजीं, फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें एका तरुण बॅरिस्टरानें या प्रश्नावर निबंध वाचला. फिरोजशहा मेहता हें त्यांचें नांव, आणि वय सव्वीस वर्षांचें. क्रॉफर्ड यांच्या नांवानें शंख करावा, एवढीच श्रोत्यांची अपेक्षा असावी. मेहता यांनीं मात्र निराळाच पाढा वाचला. क्रॉफर्ड यांनीं शहराचा कायापालट केला हें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें, आणि दोष एका माणसाचा नसून रचनेचा आहे असें प्रतिपादन केलें. काम करणारा हात एकच असावा, कारण दहा हातांनीं ओढलेली दोरी कोणत्याच बाजूला सरकत नाहीं. परंतु त्या हातावर नजर ठेवणारे डोळे कर भरणाऱ्यांनीं निवडलेले असले पाहिजेत, असा त्यांच्या मांडणीचा इत्यर्थ होता. सभेला तें रुचलें नाहीं. लोकांनीं त्यांची हुर्यो उडविली. ज्या करदात्यांच्या हातीं सत्ता द्यावी म्हणून हा तरुण बोलत होता, त्याच करदात्यांनीं त्याला बोलूं देऊं नये, असा तो प्रसंग!

परंतु दुसऱ्याच वर्षीं झालेला कायदा बराचसा त्याच दिशेनें गेला. १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची कॉर्पोरेशन निर्माण केली. त्यांपैकीं ३२ सभासद करदात्यांनीं निवडावयाचे, १६ जस्टिसांनीं, आणि १६ सरकारनें नेमावयाचे. मतदानाचा हक्क ठराविक रकमेचा कर भरणाऱ्यांपुरताच होता, म्हणजे शहराचा फार मोठा भाग बाहेरच राहिला. तरीपण अंदाजपत्रक सभेनें मंजूर करावें, कमिशनरानें त्याच्या मर्यादेंत खर्च करावा, आणि हिशेबाची तपासणी नियमानें व्हावी, हें तत्त्व प्रस्थापित झालें. १८८८ च्या कायद्यानें तें अधिक पक्कें झालें, आणि तोच कायदा, वेळोवेळीं सुधारलेला, मुंबईच्या महानगरपालिकेचा आधार होऊन राहिला.

क्रॉफर्ड यांनीं १८७१ सालींच म्युनिसिपालिटी सोडली. पुढें पुण्यास कमिशनर असतांना १८८८ सालीं त्यांच्यावर लांचलुचपतीच्या आरोपांची चौकशी झाली. लांच घेतल्याचा दोष शाबीत धरला गेला नाहीं. परंतु हाताखालच्या लोकांकडून उसने पैसे घेतल्याचा धरला गेला, आणि त्यांची नोकरी गेली. महाराष्ट्रांत गाजलेलें 'क्रॉफर्ड प्रकरण' तें हेंच. शहराच्या तिजोरीकडे सढळ हातानें पाहणारा हा मनुष्य स्वतःच्या तिजोरीच्या बाबतींतहि तसाच होता, असें म्हणावें लागतें.

आणि कर्जाचें काय झालें? तें संपलें नाहीं. उलट कॉर्पोरेशननें पुढें अधिक मोठीं कर्जें काढलीं. १८९२ सालीं तानसा तलावाचें पाणी आलें. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच वरळीच्या लव्हग्रोव्ह येथें सांडपाणी उचलणारे पंप बसले, आणि भरतीओहोटीच्या वेळापत्रकावर शहराचें आरोग्य टांगून ठेवण्याचे दिवस सरूं लागले. तलाव, नळ व गटारें पिढ्यान् पिढ्या टिकतात. त्यांचा सारा भार एकाच वर्षाच्या करदात्यावर घालणें अन्यायाचें. पुढल्या पिढीनें लाभाबरोबर हप्तेहि उचलावे हें रास्तच. मात्र लाभ टिकाऊ असला पाहिजे, आणि हप्त्याची तरतूद आधीं केलेली असली पाहिजे. रोजच्या झाडलोटीसाठीं काढलेलें कर्ज म्हणजे ऋण काढून साजरा केलेला सण. गटार बांधण्यासाठीं काढलेलें कर्ज म्हणजे नातवंडांसाठीं लावलेलें आंब्याचें झाड.

१८७१ चा प्रश्न जुना झाला असें मात्र कोणी समजूं नये. २०२२ च्या मार्च महिन्यांत मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या सभेवांचून प्रशासकाच्या हातूनच कारभार चालला. त्या काळांत कामें झालीं नाहींत असें नव्हे. क्रॉफर्ड यांच्या काळांतहि तीं झालीं होतीं. प्रश्न कामांचा नसून विचारणाऱ्याचा आहे.

म्हणून कराचें बिल हातीं आलें म्हणजे सुशिक्षित गृहस्थानें कपाळाला आंठ्या घालून तें भरणें एवढ्यावर थांबूं नये. त्यांतील पैसा कोणत्या गटारांत गेला, हें विचारण्याचा त्याचा हक्क आहे. आणि गटार खरोखरच बांधलें गेलें असेल, तर तो पैसा आनंदानें देणें हें त्याचें कर्तव्य आहे. सव्वीस वर्षांच्या एका तरुणानें भर सभेंत हुर्यो सोसून या दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या होत्या. त्यांपैकीं एकच ऐकून घेण्याची शहरांची जुनी खोड आहे.